320 टॉवेलांची डील: सोलापूरच्या कारखानदारांसाठी गट-खरेदीची साईट बांधताना

गट-खरेदी म्हणजे अनेकांनी मिळून एकच माल घ्यायचा आणि संख्या वाढली की सगळ्यांना भाव उतरायचा. ‘अजून 40 जण आले की भाव उतरेल’ ही पाटी साईटवर लावायला फारसा कोड लागत नाही. भाव 40 जणांनीच का उतरावा, 30 जणांनी का नाही, हे ठरवायला मात्र सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत किंवा पूर्व भागातल्या एखाद्या कारखान्यात जाऊन बसावं लागतं. गट-खरेदीची साईट बांधणारे बहुतेक जण सुरुवात पेमेंट गेटवेपासून करतात. खरी सुरुवात डाईंगच्या लॉटपासून, म्हणजे मशीनमध्ये एका वेळी रंगवायच्या मालापासून व्हायला हवी.

गट-खरेदीचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत झाली की कारखानदार बुडतो. 2008 साली शिकागोत सुरू झालेल्या ग्रुपॉनवर मुख्यतः हॉटेल, सलून अशा सेवा विकल्या जायच्या. तिथली सूट दुकानदाराच्या खिशातून जायची, नवं गिऱ्हाईक मिळेल या आशेवर. चीनमधली पिनडुओडुओ 2015 पासून मित्रमंडळींचे गट जमवून माल विकते. तिथे भर उत्पादकाकडून थेट माल उचलण्यावर राहिला. सोलापूरला उपयोगी पडेल तो हा दुसरा प्रकार. टॉवेल, चादर, नॅपकिन, शाळेचा गणवेश या सगळ्यांत संख्या वाढली की उत्पादनाचा खर्च खरोखर कमी होतो. ती बचत गिऱ्हाईक आणि कारखानदार यांच्यात वाटायची, एवढंच साईटचं काम. जिथे बचत होत नाही, तिथे स्लॅब (अमुक नगांना अमुक भाव, असा टप्पा) ठेवूच नये.

स्लॅबचा हिशोब

30 बाय 60 इंची टेरी टॉवेल घेऊ. क्षेत्रफळ 0.762 गुणिले 1.524, म्हणजे 1.161 चौरस मीटर. 400 जीएसएमचा (चौरस मीटरमागे 400 ग्रॅम) टॉवेल असेल तर वजन साधारण 464 ग्रॅम. आता समजा प्रोसेसवाल्याकडे (माल रंगवून देणाऱ्याकडे) 150 किलोचं डाईंग मशीन आहे. त्यात 320 टॉवेल बसतात (148.5 किलो). मशीन अर्धं भरलं तरी पाणी, वाफ, मजुरी जवळपास तेवढीच लागते, म्हणून रंगाच्या एका लॉटचा खर्च ठोक धरायचा: समजा 9,000 रुपये. बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला मागाचा रूळ) बदलणं, नमुना काढणं वगैरे डीलमागे 3,000. सूत, विणाई, शिलाई, पॅकिंग मिळून नगामागे 140. आकडे उदाहरणाचे आहेत, प्रत्येक कारखान्यात वेगळे निघतील. रीत मात्र हीच.

160 नगांना खर्च पडतो 215 रुपये. 240 नगांना 190. 320 नगांना 177.50. इथपर्यंत सगळं गट-खरेदीच्या जाहिरातीसारखं चाललं आहे. 340 नग झाले की दुसरा लॉट लावावा लागतो, ठोक खर्च 12,000 वरून 21,000 वर जातो, आणि नगाचा खर्च एकदम 202 रुपयांच्या आसपास येतो. 240 नगांच्या वेळेपेक्षाही महाग! पुन्हा 177.50 वर यायला 560 नग लागतात, आणि 640 ला तो 173 च्या आसपास येतो.

म्हणून डीलला जशी किमान संख्या हवी तशी कमाल संख्याही हवीच. वरच्या उदाहरणात डील 160 ला पक्की होते आणि 320 ला बंद होते. 321 वा नग मागणारा आला की त्याचं नाव पुढच्या लॉटच्या यादीत टाकायचं. दुसरी डील तेव्हाच उघडायची, जेव्हा त्या यादीत निदान 160 नगांची मागणी दिसेल. ‘जितके जास्त तितकं स्वस्त’ असा मजकूर साईटवर कुठेही नको, कारण तो खरा नाही.

रंगाचंही तसंच. गिऱ्हाईकाला सहा रंगांतून निवड दिली की 320 चा लॉट सहा तुकड्यांत फुटतो आणि एकही मशीन भरत नाही. एका डीलमध्ये एकच रंग ठेवावा, फार तर पांढरा आणि एक गडद, दोन्ही वेगळ्या डील म्हणून. जकार्डच्या (विणतानाच नक्षी काढलेल्या) चादरीत अडचण वेगळी: तिथे रंगीत सुताचा बीम आणि डिझाईन बदलायचा खर्च मोठा असतो, त्यामुळे चादरीचे स्लॅब ‘एका बीमवर किती चादरी निघतात’ यावरून पाडायचे.

कारखानदाराकडून ही माहिती घ्यायचा फॉर्म साईटवर असावा आणि त्यात ‘किती टक्के डिस्काउंट देणार?’ हा प्रश्न नसावा. चार गोष्टी विचाराव्यात: एका लॉटमध्ये किती नग बसतात, लॉटचा ठोक खर्च किती, नगामागचा खर्च किती, आणि नगामागे किती सुटले पाहिजेत. स्लॅब साईटने काढून द्यावेत आणि कारखानदाराने मंजूर करावेत. वरच्या टॉवेलला 160, 240 आणि 320 नगांना विक्रीचा भाव अनुक्रमे 245, 220 आणि 205 असा बसतो, नगामागे साधारण 28 ते 30 रुपये सुटतात. गिऱ्हाईकाला भाव जीएसटीसकट दाखवावा. नगाची किंमत 2,500 रुपयांपर्यंत असेल तर 22 सप्टेंबर 2025 पासून अशा मालावर 5 टक्के जीएसटी आहे, त्यापुढे 18. म्हणजे पडद्यावर 257.25, 231 आणि 215.25 हे आकडे दिसतील.

पैसे कधी घ्यायचे, कुणाकडे ठेवायचे

‘इंटरेस्टेड’ बटण दाबलेल्यांची संख्या मोजून डील पक्की केली की ती फसते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर अंगठा दाखवणारे 300 जण असतात, लिंक उघडून पैसे भरणारे फार कमी. काउंटर फक्त भरलेल्या पैशांवर चालला पाहिजे.

किरकोळ गिऱ्हाईकाकडून पहिल्या स्लॅबचा पूर्ण भाव घ्यावा आणि डील बंद झाल्यावर फरक एकदाच परत करावा. 257.25 घेतले, शेवटचा भाव 215.25 निघाला, तर नगामागे 42 रुपये परत. स्लॅब उतरेल तसा प्रत्येक वेळी परतावा पाठवायचा मोह टाळा. हिशोब गुंतागुंतीचा होतो आणि गिऱ्हाईकाला दोन-दोन मेसेज जाऊन तो गोंधळतो. परतावा केला तरी गेटवेचं शुल्क सहसा परत मिळत नाही, हे कमिशन ठरवतानाच धरून चला. मंगल कार्यालय, लॉज, वसतिगृह अशा 50-100 नगांच्या गिऱ्हाईकाकडून 25 टक्के आगाऊ आणि डील लॉक झाल्यावर 48 तासांत बाकी रक्कम घेणं जास्त सोयीचं, पण त्यांचे नग काउंटरमध्ये पूर्ण धरू नयेत. बाकी रक्कम येईपर्यंत ते ‘राखीव’ म्हणून वेगळे दाखवावेत. नाहीतर शेवटच्या दिवशी एका लॉजवाल्याने माघार घेतली की 320 चा भाव मिळालेल्या सगळ्यांचा भाव चुकतो.

गिऱ्हाईकांचे पैसे स्वतःच्या चालू खात्यात जमा करून पंधरा दिवसांनी कारखानदाराला पाठवायचे, असा विचार कुणीही करू नये. दुसऱ्यांच्या वतीने पैसे गोळा करून पुढे देण्याचं काम रिझर्व्ह बँकेच्या पेमेंट ॲग्रिगेटरच्या नियमांखाली येतं. परवाना असलेल्या ॲग्रिगेटरचीच विभागणीची सोय वापरा: पैसे त्यांच्याकडे थांबतात, आपलं कमिशन आपल्याला, बाकी कारखानदाराला, आणि कधी सोडायचे तो निरोप आपण देतो. याचा दुसरा फायदाही आहे. परतावा गेटवेतल्या शिल्लक रकमेतून जातो. ती रक्कम आधीच बँकेत निघून गेली असेल तर डील फसल्याच्या दिवशी 150 परतावे अडकून पडतात आणि फोन वाजायला लागतात.

कारखानदाराला सुतासाठी पैसा लगेच लागतो, हे विसरून चालणार नाही. त्याची अर्धी गाडी उधारीवर चालते. डील लॉक झाल्यावर अर्धी रक्कम आणि बिल्टीचा (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) फोटो चढवल्यावर अर्धी, ही वाटणी दोघांनाही जमते. पण पहिली अर्धी सोडल्यावर माल आलाच नाही तर परतावा कुठून देणार, हे करारात लिहिलेलं हवं. नव्या कारखानदाराच्या पहिल्या दोन डीलमध्ये आगाऊ रक्कम कमी ठेवावी, म्हणजे 25 टक्के.

कराचे कागद

बिल कारखानदाराच्या नावाने फुटलं पाहिजे. साईटने फक्त स्वतःच्या कमिशनचं बिल कारखानदाराला द्यायचं, त्यावर 18 टक्के जीएसटी. मालाच्या आगाऊ रकमेवर नियमित नोंदणी असलेल्या विक्रेत्याला जीएसटी भरावा लागत नाही, बिल करताना लागतो. त्यामुळे बिल डील बंद झाल्यावर, शेवटच्या भावाने करावं. बुकिंगच्या दिवशीच 245 ने बिल केलं की नंतर सगळ्यांना क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढत बसावी लागते.

मार्केटप्लेस म्हणून साईटला जीएसटी नोंदणी पहिल्या दिवसापासून लागते, उलाढाल कितीही कमी असली तरी. कारखानदाराला पैसे देताना जीएसटीचा टीसीएस (विक्रेत्याच्या पैशातून साईटने कापून सरकारजमा करायचा कर) 0.5 टक्के कापायचा (10 जुलै 2024 पासून हा दर आहे, आधी 1 टक्का होता) आणि पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत त्याचं विवरणपत्र, जीएसटीआर-8, भरायचं. प्राप्तिकराची कपात 0.1 टक्के. 320 नग 205 ने गेले तर 65,600 रुपयांवर 328 आणि 65.60. रक्कम किरकोळ वाटते, पण कारखानदाराच्या पासबुकात तेवढे कमी दिसले की पहिला फोन त्याचाच येतो. म्हणून पेमेंटच्या प्रत्येक मेसेजमध्ये ही कपात वेगळी ओळ म्हणून दाखवा. लहान, नोंदणी नसलेल्या कारखानदारांना 1 ऑक्टोबर 2023 पासून राज्यातल्या राज्यात ऑनलाइन विकता येतं, नावनोंदणी क्रमांक घेऊन. अशांच्या डीलला परराज्याचा पत्ता साईटनेच नाकारला पाहिजे.

ई-वे बिलाचंही (माल वाहून नेताना सोबत लागणाऱ्या ऑनलाइन कागदाचंही) असंच. जीएसटीसकट 68,880 रुपयांचा माल एकाच बिलावर पुण्याला निघाला तर महाराष्ट्रातली 1 लाखाची मर्यादा आहे, ई-वे बिल लागत नाही. तोच माल हैदराबादला किंवा विजयपूरला निघाला तर 50,000 ची मर्यादा लागू होते आणि ई-वे बिल काढावंच लागतं.

कोड कुठे फसतो

जॅंगो किंवा लारावेल (साईट बांधायचे तयार सांगाडे) यांतला एक साधा प्रोजेक्ट आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस पुरतो. तयार ई-कॉमर्स सॉफ्टवेअरवर ‘ग्रुप बाय’ प्लगइन चढवलं की ते डीलला सवलतीचं कूपन समजतं. लॉट, कमाल मर्यादा, नंतर ठरणारा भाव या गोष्टी त्याच्या रचनेत बसत नाहीत. प्लगइन वाकवण्यात जाणारा वेळ नव्याने लिहिण्यापेक्षा जास्त होतो.

डीलच्या अवस्था आधी कागदावर काढाव्यात: मसुदा, चालू, पक्की, लॉक, मागावर, रवाना, पूर्ण, आणि बाजूला रद्द. ‘पक्की’ म्हणजे किमान नग भरले, अजून बुकिंग चालू आहे. ‘लॉक’ म्हणजे बुकिंग बंद, भाव ठरला. या दोन्ही एकच समजल्या की 160 ला पोचताच भाव गोठतो आणि पुढच्या स्लॅबचा अर्थच राहत नाही. लॉकनंतर गिऱ्हाईकाला रद्द करता येणार नाही, हे पैसे भरायच्या पानावर ठळक लिहा.

शेवटचे 5 नग उरले असताना दोघांनी एकाच क्षणी 5-5 मागितले तर? आधी शिल्लक वाचायची, मग वजाबाकी करून लिहायची, अशा दोन पायऱ्या ठेवल्या की 325 बुकिंग होतात आणि वर पाहिलं तसा दुसऱ्या लॉटचा खर्च अंगावर येतो. ‘बुक झालेले अधिक मागितलेले 320 पेक्षा जास्त नसतील तरच वाढव’ अशी अट घातलेली एकच अपडेट क्वेरी लिहा आणि किती ओळी बदलल्या ते तपासा. शून्य असेल तर गिऱ्हाईकाला यादीत टाका. पैसे भरायला 15 मिनिटं नग राखून ठेवा, मग सोडा. सोडल्यानंतर पेमेंट आलं तर जागा असेल तर पक्कं करा, नसेल तर आपोआप परत करा.

गेटवेचा वेबहुक (पेमेंट झाल्याचा आपोआप येणारा निरोप) एकाच पेमेंटसाठी दोनदा येऊ शकतो. पेमेंट क्रमांकावर युनिक बंधन (एक क्रमांक एकदाच नोंदवायचा) नसेल तर एका माणसाचे चार टॉवेल आठ होतात. रक्कम पैशांत, पूर्णांकात साठवा, 215.25 म्हणजे 21525. फ्लोटिंग-पॉइंट दशांशात ठेवली की 320 बिलांच्या बेरजेत फरक पडू शकतो. आणि वेळ: सर्व्हर सहसा युटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतो, आपण साडेपाच तास पुढे. रात्री 12 ला बंद व्हायची डील पहाटे साडेपाचपर्यंत उघडी राहिली, हा प्रकार फार जणांच्या बाबतीत होतो. तसंही रात्री 12 ही वेळ वाईटच. संध्याकाळी 6 ठेवा, म्हणजे शेवटच्या तासात पेमेंट अडकलं तर गेटवेच्या माणसाशी आणि कारखानदाराशी बोलता येतं.

बहुतेक गिऱ्हाईक व्हॉट्सॲपच्या लिंकवरून येणार. लिंकचा प्रीव्ह्यू काढताना व्हॉट्सॲप जावास्क्रिप्ट चालवत नाही, त्यामुळे डीलच्या पानाचं शीर्षक आणि चित्र सर्व्हरवरूनच तयार होऊन यायला हवं; चित्र 300 केबीच्या आत ठेवा. त्या चित्रावर ‘212 बुक झाले’ असा आकडा छापू नका. एकदा दिसलेला प्रीव्ह्यू तसाच राहतो आणि डील भरल्यावरही लोक जुना आकडा पाहून भांडतात.

माल हातात आल्यावर

सगळ्यात जास्त तक्रारी जीएसएमच्या येतात, आणि तपासणी मात्र सोपी आहे. टॉवेल एकदा धुऊन, पूर्ण वाळवून काट्यावर ठेवायचा. कोऱ्या मालात खळ असू शकते, तिचं वजन धुताना निघून जातं. म्हणून न धुतलेल्या टॉवेलचं वजन साईटवर टाकणं ही फसवणूकच आहे. धुतल्यावर काटा 410 ग्रॅम दाखवत असेल आणि माप 30 बाय 60 भरत असेल, तर जीएसएम 353 झाला, 400 नाही. टॉवेल आटला असेल तर मापही नव्याने घ्यायचं. सुती माल हवेतला ओलावा धरतो, त्यामुळे पावसाळ्यात आणि एप्रिलमध्ये थोडा फरक पडणारच. 5 टक्के मुभा करारात लिहा. डील उघडण्याआधी नमुन्याचा टॉवेल मधोमध कापून अर्धा कारखानदाराकडे, अर्धा साईटकडे सही करून ठेवावा. दोन लॉटच्या शेडमध्ये फरक येतो, म्हणून एका गिऱ्हाईकाचे सगळे नग एकाच लॉटमधून द्यायचे, हा नियम पॅकिंगच्या यादीतच बसवा.

‘सोलापुरी चादर’ आणि ‘सोलापुरी टेरी टॉवेल’ या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. बाहेरचा माल सोलापुरी म्हणून विकला जातो, ही इथल्या कारखानदारांची जुनी जखम. साईटने हे शब्द फक्त अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असलेल्या कारखानदाराच्या मालावर लिहू द्यावेत, प्रमाणपत्र पाहून. इतरांचा माल ‘टेरी टॉवेल, उत्पादन सोलापूर’ म्हणून गेला तरी विकला जातोच.

कुरिअरचा हिशोब पॅकिंगआधी करा. 464 ग्रॅमचा एक टॉवेल आणि 50 ग्रॅम पॅकिंग मिळून 514 ग्रॅम होतात: अर्ध्या किलोचा टप्पा 14 ग्रॅमने ओलांडला आणि पैसे वरच्या टप्प्याचे लागले. दोन टॉवेलांची जोडी 978 ग्रॅम, एका किलोत बसते. पण तीच जोडी फुगीर घडी करून 30 बाय 25 बाय 12 सेंटिमीटरच्या खोक्यात घातली तर लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार भागिले 5000, म्हणजे 1.8 किलो धरतात. दाबून 6 सेंटिमीटर उंचीत बसवली की 0.9. म्हणून टॉवेल जोडीनेच विकावेत आणि दाबून पॅक करावेत. त्याहून स्वस्त म्हणजे पिकअप पॉइंट: पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत 40 नगांची एकच गाठ ट्रान्सपोर्टने पाठवायची, तिथल्या गटप्रमुखाने वाटायची आणि त्याला नगामागे ठरलेली रक्कम द्यायची. गट-खरेदीत माणसं आधीच एकत्र आलेली असतात, मग माल 40 वेगळ्या पत्त्यांवर कशाला पाठवायचा?

ग्राहक संरक्षणाच्या 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साईटवर लागतो, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात. पानावर उत्पादकाचं नाव-पत्ता, माप, एमआरपी आणि उत्पादनाचा देश हेही हवंच.

डिलिव्हरीची तारीख साईटने कारखानदाराच्या कॅलेंडरवरून काढावी. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव, दिवाळी: या दिवसांत पूर्व भागातले माग थांबतात. लॉक झाल्यापासून 21 दिवस असं सरसकट लिहिलं की या काळात हमखास उशीर होतो. मागणीचंही कॅलेंडर आहे. लग्नसराईत टॉवेल-टोपीच्या आहेरासाठी, आषाढीआधी पंढरपूरच्या धर्मशाळा आणि लॉजसाठी, जूनआधी गणवेशासाठी. लग्नाची डील तिथीच्या दीड महिना आधी लॉक झाली नाही तर ती रद्द करून त्याच दिवशी पैसे परत करणं बरं, कारण लग्नानंतर आलेल्या टॉवेलांना गिऱ्हाईक हात लावत नाही.

पहिली डील पांढऱ्या टॉवेलचीच घ्यावी. रंगाच्या शेडचा वाद नाही, ब्लीचचा लॉट लवकर जुळतो, आणि डीलमधून उरलेले 10-20 नग कारखानदार स्वतःच्या दुकानातून सहज काढू शकतो. ते उरलेले नग कुणाचे, हेही करारात आधीच लिहून घ्यावं: कारखानदाराचे, आणि ते डीलच्या भावापेक्षा कमी दराने महिनाभर विकायचे नाहीत.